शाळेच्या रकान्यात 'निरंक' : समितीचे आदेश आणि अंगणवाडी यांचा अभ्यास कसा मांडू?

बालवाडीच्या बाई (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बारा वर्षं बालवाडी चालवली, मग तीन वर्षं एका जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीवर सदस्य होते. मुदत संपल्यावर घरी बसवेना, म्हणून ४७व्या वर्षी पीएच.डी.ला नाव घातलं. घरच्यांनी हात टेकलेत.

विषय असा: शून्य ते सहा वयाची मुलं समितीपुढे येतात तेव्हा काय निर्णय होतो आणि त्या निर्णयात अंगणवाडीला काही जागा आहे का. माझ्या मार्गदर्शक सरांचं म्हणणं, 'अंगणवाडीत नियमित जाणाऱ्या मुलांना घरी परत पाठवण्याचं प्रमाण जास्त असतं' हे गृहीतक घ्या आणि आकड्यांनी तपासा. मला ते पचत नाहीये. पण का पचत नाही तेही धड सांगता येत नाही, म्हणून इथं आले.

ज्यांचा संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. समिती म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य. महिन्यात किमान २० दिवस बसायचं. अधिकार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे, खोली मात्र आमची बालगृहाच्या भांडारघराला लागून, त्यामुळे सुनावणीत तूरडाळीचा वास. सापडलेलं, सोडलेलं, मारहाण झालेलं मूल २४ तासांत समितीपुढे आणायचं. सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत, अंतिम आदेश चार महिन्यांत. मग मूल घरी जातं, नातेवाइकाकडे जातं, संस्थेत जातं, किंवा कुणीच नसेल तर दत्तकासाठी मुक्त होतं. दोन वर्षांच्या आतल्या अनाथ-परित्यक्त बाळाला मुक्त घोषित करायला कायद्यानं दोनच महिने दिलेत.

आता माझा प्रसंग. गाव, नातं, वय, ऋतू सगळं बदलून लिहितेय.

चारेक वर्षांची मुलगी. बसस्टँडवर बापाजवळ सापडली, बाप शुद्धीत नव्हता. फाइलमध्ये शिक्षणाच्या रकान्यात एकच शब्द: निरंक, म्हणजे काही नाही. आमच्या शिपाई मावशींनी तिला पारले-जीचा पुडा फोडून दिला. पोरीनं बिस्किटं फ्रॉकच्या ओच्यात ठेवली, हात जोडले, डोळे गच्च मिटले आणि जेवणाआधीचा श्लोक म्हणायला लागली. बोबडा, पण शेवटच्या ओळीपर्यंत. मग डोळे उघडून इकडेतिकडे बघत म्हणाली, "बाकीची पोरं?"

मी बालवाडीची बाई. मला दुसरा पुरावा नको होता. बाल संरक्षण अधिकाऱ्यांना म्हटलं, हिची अंगणवाडी शोधा. दुसऱ्या दिवशी सेविका फोनवर आली. सहा पानी अहवालात नव्हतं ते तिनं चहा गार व्हायच्या आत सांगितलं. मुलीला रोज आजी सोडते. मागच्या पावसाळ्यात आजीचा मोतीबिंदू काढला तेव्हा महिनाभर मूल चुलत्याकडे होतं, त्या महिन्यात वजन उतरलं आणि नखं कुरतडायची सवय लागली. आजी परत आली तशी वजन चढलं. बाप घरी महिन्यातून एकदा. अहवाल लिहिणाऱ्यानं घर बघितलं होतं ते आजी बाजाराला गेली त्या दिवशी. 'घरात देखभालीस कोणी नाही' असा शेरा होता आणि त्या दिवसापुरता तो खोटाही नव्हता.

संस्थेत जाणारी मुलगी आजीकडे गेली, बालसंगोपन योजनेचे महिना २,२५० रुपये लागू करून. म्हणजे सरांचं गृहीतक जिंकलं ना? वरवर बघता, हो.

पण पुढचं ऐका. आदेशाची प्रत आजीला गेली, पोलीस ठाण्याला गेली, जिल्हा बाल संरक्षण कक्षाला गेली. अंगणवाडीला नाही. आदेशात त्या सेविकेचा उल्लेखही नाही, आणि तो आदेश मीच लिहिलेला. पाच महिन्यांनी मला सहज आठवण झाली म्हणून तिला फोन केला, तर म्हणाली, "ताई, म्हातारी पोरीला घेऊन टोळीबरोबर ऊसतोडीला गेली. तुम्हाला कळवलं नाही का कुणी?"

नाही कळवलं. कुणी कळवायचं हेच ठरलेलं नव्हतं.

तर आता मी नेमकं काय मोजू? आणि अंगणवाडीचं हजेरीपत्रक धरून चालावं का?

---

वजनकाटा

बाई, राम राम. ३१ वर्षं महिला-बालविकास खात्यात काढली, शेवटची १४ मुख्यसेविका म्हणून, म्हणजे सेविकांवर देखरेख करणारी. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: हजेरीवर प्रबंध उभारू नका.

अंगणवाडीची हजेरी ही मुलं मोजायला कमी आणि आहार मोजायला जास्त असते. किती ताटं शिजली आणि किती लेकरं बसली हे जुळावं लागतं, नाहीतर बचत गटाचं बिल अडकतं. सेविका लबाड म्हणून नव्हे, रचनाच तशी. वर काळ बघा. मार्च २०२० नंतर केंद्रं बंद, शिधा घरपोच. २०२१ साली नोंदी भरायचं पोषण ट्रॅकर ॲप आलं, तेही इंग्रजीत, आणि जुन्या हँडसेटवर उघडेना. त्या वर्षी राज्यभर सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले ते विसरलात का? डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ संप. या सगळ्या काळात 'नियमित' कोण होतं ते तुम्ही कशावरून ठरवणार?

वजन-उंचीचं रजिस्टर मागा. त्यातही पाणी असतं, पण ते ओळखता येतं. ओळखायचं कसं सांगते. खरं वजन ९.३ असतं, ८.७ असतं, ११.४ असतं. पानभर सगळी लेकरं ९.०, ९.५, १०.० वर बसलेली दिसली की समजायचं, घरी बसून लिहिलंय. दुसरी खूण उंचीची. दोन वर्षांखालचं मूल निजवून मोजतात, वरचं उभं करून. दोन वर्षं पूर्ण झाली त्या महिन्यात उंची किंचित कमी आल्यासारखी दिसते. ज्या रजिस्टरात ती थोडी अडखळते ते रजिस्टर खरं. जिथं उंची जिन्यासारखी एकसारखी चढत जाते तिथं मूल पट्टीला लागलेलंच नाही. दंडघेराची, म्हणजे दंडाच्या मापाची नोंद असेल तर सोन्याहून पिवळं. ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेलेलं मूल कुठली सेविका विसरत नाही.

तुमच्या प्रत कुठं गेली या प्रश्नाचं उत्तर टपालात आहे. समिती, बालगृहं, संरक्षण अधिकारी हे सगळं पुण्याच्या आयुक्तालयाखाली. अंगणवाड्या नवी मुंबईच्या आयुक्तालयाखाली. खातं एक, मंत्री एक, जावक रजिस्टरं दोन. माझ्या १४ वर्षांत समितीच्या आदेशाची एकही प्रत माझ्या टेबलावर आली नाही. पोर कुठनं परत आलं ते आम्हाला शेजारणीकडून कळायचं.

आणि एक, हे जरा चढ्या आवाजात सांगते. सेविकेला तुमच्या अभ्यासात साक्षीदार करू नका. ती त्याच गल्लीत राहते. माझ्या एका सेविकेनं एका बापाबद्दल तोंड उघडलं. आठ दिवसांनी तिची सरपणाची गंजी पेटली. कुणी पेटवली कुणाला ठाऊक, पण त्यानंतर त्या गावातून मला एक खबर मिळाली नाही. तुमच्या फोनवर ती बाई बोलली कारण गोष्ट आजीच्या बाजूची होती. उलटी असती तर बोलली असती का, हे स्वतःला विचारा.

---

शिकागोची थंडी

मूळचा सोलापूरचा, हल्ली शिकागोजवळ. काम सरकारी डेटा चाळायचं, त्यामुळे वजनकाटा यांची .० आणि .५ ची खूण वाचून खुर्चीत उठून बसलो.

बाई, तुमच्या विषयाला सगळ्यात जवळचा अभ्यास माझ्या याच शहरात झालाय. १९६७ पासून इथं गरीब वस्त्यांतल्या सरकारी शाळांना जोडून बालक-पालक केंद्रं चालतात. सकाळी मुलं वर्गात आणि आईबापांसाठी त्याच इमारतीत वेगळी खोली, तिथं त्यांनी आठवड्यातून काही वेळ यायचंच. १९८०च्या आसपास जन्मलेल्या सुमारे १,४०० मुलांच्या नोंदी संशोधकांनी कोर्टाच्या आणि बालसंरक्षण खात्याच्या नोंदींशी जुळवल्या. २००३ साली छापलेला निष्कर्ष असा: १७ वर्षांचं होईपर्यंत छळ किंवा हेळसांड झाल्याची नोंद केंद्रात गेलेल्यांमध्ये ५ टक्के, न गेलेल्या तशाच मुलांमध्ये १०.५ टक्के. जवळजवळ निम्मी.

हे वाचून तुमचे सर खूश होतील. पण दोन गोष्टी बघा. फरक का पडला याचा त्यांनी माग काढला तेव्हा हाताला लागलं ते आईबापांचं शाळेत येणं आणि मुलाची शाळा वारंवार न बदलणं. नुसतं अक्षरगाणी म्हणून छळ थांबत नाही. तुमच्या आजीनं पोरीला रोज सोडायला येणं हा त्यातला पहिला भाग आणि ऊसतोडीला निघून जाणं हा दुसरा. दोन्ही तुमच्या एकाच फाइलमध्ये आहेत.

दुसरी गोष्ट, तिथं चिठ्ठ्या टाकून मुलं वाटलेली नव्हती. जी आई पोराला केंद्रात घालायला धडपडते ती मुळातच वेगळी असू शकते. मिशिगनमधल्या इप्सिलांटीत १९६२ पासून चिठ्ठ्या टाकून केलेला एक प्रसिद्ध प्रयोग आहे, पण त्यात मुलं अवघी १२३. तुमच्या सरांच्या गृहीतकाला हीच अडचण गाठणार. रोज अंगणवाडीत जाणाऱ्या मुलाच्या घरी कुणीतरी रोज सोडणारं असतं. मग समिती त्याला घरी पाठवते ती अंगणवाडीमुळे की त्या सोडणाऱ्या माणसामुळे? तुमच्या प्रसंगात तर दोन्ही एकच बाई आहे.

याच्या उलटही होतं आणि ते जास्त फसवं. मूल जिथं जातं तिथं त्याच्या अंगावरचा वळ कुणाला तरी दिसतो. म्हणजे अंगणवाडी चांगली चालली की समितीकडे येणारी प्रकरणं वाढतील. आकडा वाढला म्हणजे छळ वाढला असं नाही, बघणारे डोळे वाढले. तालुकावार तक्ता केलात तर सगळ्यात चांगल्या अंगणवाड्यांचा तालुका सगळ्यात वाईट दिसेल, आणि कुणीतरी त्यावर बातमी करेल.

मी तुमच्या जागी असतो तर आदेशाआधीची हजेरी सोडून आदेशानंतरचे दिवस मोजले असते. आदेश झाला, मूल कुठं गेलं, आणि कितव्या दिवशी कुठल्या अंगणवाडीत त्याचं पहिलं वजन झालं. तेवढाच एक आकडा. काहींच्या बाबतीत तो कधीच मिळणार नाही. ते रिकामे रकाने टाकून देऊ नका. इथल्या केंद्रीय कायद्यात २००३ साली कलम आलं: तीन वर्षांखालच्या मुलाची हेळसांड सिद्ध झाली की त्याला बालविकास सेवेकडे तपासणीसाठी पाठवण्याची व्यवस्था राज्यानं ठेवलीच पाहिजे. पाळलं किती जातं हा भाग निराळा, पण निदान विचारता तरी येतं की का नाही पाठवलं.

बाळं संस्थेत किती काळ राहतात तेही लिहून ठेवा. रोमानियात बुखारेस्टला २००० साली १३६ बाळांचा अभ्यास सुरू झाला. सगळी अनाथालयातली. निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून पालक-कुटुंबात पाठवलं. साडेचार वर्षांची झाली तेव्हा संस्थेत राहिलेल्यांचा सरासरी बुद्ध्यांक ७३, कुटुंबात गेलेल्यांचा ८१. आणि दोन वर्षांच्या आत गेलेली मुलं उशिरा गेलेल्यांपेक्षा पुढं. 'पुढची तारीख' ही गोष्ट मोठ्यांच्या खटल्यात निराळी आणि १४ महिन्यांच्या बाळाच्या बाबतीत निराळी. हे तुम्हाला मी काय सांगणार.

---

तिसरी घंटा

वकील आहे, बाल न्यायाची कामं करतो. आधी रागावून घेतो. बाई, तुम्ही तपशील बदललेत हे चांगलं, पण यापुढे खुल्या ठिकाणी प्रसंग लिहूच नका. बाल न्याय कायद्याचं कलम ७४. मुलाची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माजी सदस्याला सवलत नाही. कलम ९९ प्रमाणे समितीपुढचे अहवालही गोपनीय. तुमच्याकडे जुन्या आदेशांचे मोबाइलवर काढलेले फोटो असतील, आणि असणारच, तर ते आजच पुसा. अभ्यासासाठी रीतसर लेखी परवानगी घ्या, विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता जोडा आणि फाइल कार्यालयातच बसून वाचा. नावाच्या जागी क्रमांक, गावाच्या जागी तालुका. एखाद्या तालुक्यात वर्षाला एकच तसं मूल असेल तर तालुकाही नको.

आता कामाचं. 'कुणी कळवायचं हे ठरलेलं नव्हतं' हे तुमचं वाक्य अर्धंच खरं आहे. प्रत्येक मुलाचा व्यक्तिगत काळजी आराखडा करायचा असतो, आणि मूल घरी पाठवतानाही त्या आराखड्यानुसार पाठपुरावा अपेक्षित आहे. आमच्याकडे तो आराखडा म्हणजे 'शिक्षण: शाळेत घालावे, आरोग्य: काळजी घ्यावी' असा छापील मजकूर. त्यात 'अमुक अंगणवाडी केंद्र, पहिलं वजन अमुक तारखेच्या आत, मूल सलग गैरहजर राहिल्यास मुख्यसेविकेनं संरक्षण अधिकाऱ्यास कळवावं' एवढं लिहायला नवा कायदा लागत नाही. लिहिणारा हात लागतो. आणि हो, वजनकाटा यांचं मान्य: कळवणारी सेविका नको, मुख्यसेविका हवी.

उसाच्या फडाचंही सांगून ठेवतो. सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे, अन्न अधिकाराच्या खटल्यातला. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुलं आहेत पण अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. कारखान्याच्या तळावर कोप्यांची रांग बघितली आहे का? ४० लेकरं एका बाजूलाच निघतात. अडचण तीन महिन्यांची आहे. अंगणवाडी मंजूर होईस्तो गाळप संपत आलेला असतो. तुमची ती मुलगी ज्या तळावर गेली तिथं आदेशात लिहायला केंद्रच नसेल कदाचित. हा मुद्दा प्रबंधात घ्या, पण प्रसंग वगळून.

---

खिचडी_दुपारी_बारा

मी सेविका आहे, फार लिहिता येत नाही. वरचं सगळं वाचलं. कुणाचं घर कसं आहे ते आम्हाला माहीत असतं, कारण पोरं सांगतात. काल रात्री काय झालं ते सकाळी येऊन सांगतात, विचारावंसुद्धा लागत नाही. १६ वर्षांत मला समितीचा फोन एकदाही आला नाही. आला तर सांगेन. फक्त फोन करा, कागदावर सही मागू नका. आणि दुपारी बारा ते एक करू नका, तेव्हा वाढप असतं.

---

बालवाडीच्या बाई

सगळ्यांचे आभार. वकीलसाहेब, बोलणी खाल्ली, फोटो पुसले. १९ होते.

वजनकाटा, तुमचा प्रश्न रात्रभर डोक्यात होता. सेविकेला आजीविरुद्ध बोलायचं असतं तर ती बोलली असती का? मला नाही वाटत. म्हणजे मी जे 'सत्य' म्हणून ऐकलं ते सांगायला सोपं होतं म्हणून माझ्यापर्यंत आलं. तीन वर्षांत किती फोनांवर समोरची बाई "तसं काही नाही हो ताई, चांगली माणसं आहेत" म्हणाली आणि मी तेच टिपून घेतलं, ते आता आठवतंय. त्यातल्या दोन फाइली मला परत वाचायच्या आहेत. परवानगी मिळाली तर.

आज सरांना भेटले. गृहीतक सोडलं. ते जरा हिरमुसले, म्हणाले मग तुमच्याकडे चल, म्हणजे बदलणारा घटक, कुठला आणि परिणाम कुठला? मी शिकागोवाल्यांचं वाक्य तसंच्या तसं म्हणून दाखवलं: आदेशाच्या तारखेपासून पहिल्या वजनाच्या तारखेपर्यंतचे दिवस. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आणि वजन झालंच नाही तर?" म्हटलं, तर रकान्यात निरंक लिहायचं आणि ते सगळे निरंक मोजायचे. चष्मा पुसत म्हणाले, एक जिल्हा, तीन वर्षांचे आदेश, जास्त पसरू नका.

एका गोष्टीवर अजून अडलेय. आदेश समितीच्या कपाटात, वजन रजिस्टरात, आणि दोन्हीकडे मुलाचं नाव वेगळं. आमच्या फाइलमध्ये 'कु. अमुक तमुक', अंगणवाडीत 'छकुली'. मधला दुवा आधार, तो निम्म्या लेकरांचा नाही. जन्मतारीख तर पुष्कळदा एक जानेवारी. हे जुळवायचं कसं?

आणि वजनकाटा, तुमच्या .० आणि .५ च्या खुणेला प्रबंधात काय नाव द्यायचं ते कुणी सांगेल का?

---

शिकागोची थंडी

आमच्यात त्याला 'हीपिंग' म्हणतात, आकडे गोल जागी ढीग करून बसतात म्हणून. 'घरी बसून लिहिलंय' हे जास्त नेमकं आहे, तळटीपेत तेच घाला.

नावं जुळवायला आईचं नाव, वाडी आणि लसीकरण कार्डावरच्या तारखा घेऊन बघा. बीसीजीची तारीख सहसा जन्मतारखेपेक्षा खरी निघते, ती दवाखान्यात लिहिलेली असते. मी रविवारी रिकाम्या तक्त्याचा नमुना करून टाकतो.

---

वजनकाटा

आईचं नाव नका धरू. सासरचं-माहेरचं, दोन्ही चालतात. आजीचं धरा, गावात ते बदलत नाही.